डीडीयू: जुन्या ड्रायव्हरची मुळं उपटणारं फुकट अवजार

ग्राफिक्स कार्ड बदलल्यावर जुना ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवायला लावणारं सॉफ्टवेअर) अनइन्स्टॉल केला, की तो गेला असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्याच्या फायली विंडोजच्या ड्रायव्हर स्टोअरमध्ये, म्हणजे ड्रायव्हर साठवायच्या फोल्डरमध्ये, मुक्काम ठोकून असतात आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, नोंदी तशाच पडून राहतात. एका कंपनीचं कार्ड काढून दुसऱ्या कंपनीचं बसवलं, तेव्हा मला याचा चांगलाच प्रसाद मिळाला. व्हिडिओ एडिटिंगमध्ये टाइमलाइन जरा जोरात ओढली की स्क्रीन काळी, क्षणभराने परत चालू, आणि एडिटर मात्र गारठलेला. विंडोजची बिघाडांची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, उघडला तर ४१०१ क्रमांकाच्या नोंदींची रांग. कार्डाने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर रीसेट करतं आणि ही नोंद टाकतं. काहीतरी अडलं एवढंच त्यातून कळतं. का अडलं, ते तुमचं तुम्ही शोधा.

नवा ड्रायव्हर घालून पाहिला, त्याच्या आधीचा घालून पाहिला. ढिम्म फरक नाही. शेवटी वॅगनार्डसॉफ्टचं डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, उतरवून घेतलं.

दिसायला हे अवजार अगदीच रुक्ष आहे. पहिल्यांदा उघडल्यावर चौकटींमध्ये टिक करायची लांबलचक यादी समोर येते आणि नवखा माणूस तिथेच बिचकतो. त्यातलं फारसं काही हलवू नका. विंडोज अपडेटला ड्रायव्हर आणू न देण्याचा पर्याय तेवढा बघा. नाहीतर तुम्ही साफसफाई करताय आणि विंडोज मागच्या दाराने त्याला हवा तो ड्रायव्हर आणून बसवतंय, असा प्रकार होतो. मी तर सरळ नेटची केबलच काढून ठेवते. अर्थात नवा ड्रायव्हर त्याआधीच डाउनलोड करून ठेवायचा, हे ओघाने आलंच.

मग शिफ्ट दाबून रीस्टार्ट आणि सेफ मोड, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरवर चालणारं विंडोज. इथे एक सावधगिरी: खात्याचा पासवर्ड हाताशी असू द्या, कारण सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं फीचर) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की सुद्धा. ही दोन्ही नसतील तर आज हात घालू नका.

पुढचं काम सोपं. उपकरण म्हणून जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, निवडायचं, त्याखाली एनव्हिडिया, एएमडी की इंटेल ते सांगायचं आणि 'क्लीन अँड रीस्टार्ट'. नवं कार्ड लगेच बसवायचं असेल तर साफ करून मशीन बंद करणारं वेगळं बटण आहे. हे मला फार आवडलं. माझ्याकडे दोन कंपन्यांचे अवशेष होते, म्हणून दोन्ही साफ केले. परत चालू झाल्यावर स्क्रीन मोठी, भसाडी दिसते, कारण मायक्रोसॉफ्टचा बेसिक डिस्प्ले ड्रायव्हर काम चालवत असतो. घाबरू नका. नवा ड्रायव्हर घातला आणि माझी टाइमलाइन लोण्यासारखी सरकायला लागली.

तक्रार म्हणाल तर कंट्रोल पॅनेलमधल्या रंगाच्या आणि रेझोल्यूशनच्या माझ्या सगळ्या सेटिंग पुसल्या गेल्या. आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि दर अपडेटला हे चालवणारे लोक आहेत, त्यांना हात जोडून सांगणं: गरज नाही. साध्या अपडेटला ड्रायव्हरच्या इन्स्टॉलरमधला क्लीन इन्स्टॉलेशनचा पर्याय पुष्कळ झाला.

माझ्या लेखी डीडीयूचा खरा उपयोग ड्रायव्हरवरचा संशय फेडून घेण्यासाठी आहे. भावाच्या मशीनवर गेम चालू केला की स्क्रीन जायची. तिथेही मी हे सगळे सोपस्कार केले, कोरा ड्रायव्हर घातला, तरी स्क्रीन गेलीच. म्हणजे ड्रायव्हर निर्दोष सुटला. मशीनचा डबा उघडला, तर कार्डाला वीज देणारा प्लग अर्धवट बसलेला. दाबून बसवला, त्यानंतर त्याचा त्याबद्दल फोन नाही.