स्टिकरवर २.५ जी, आत साधा गिगाबिट

बडोद्यात किंवा आसपास कोणी २.५ जी (सेकंदाला २.५ गिगाबिट वेगाचा) नेटवर्क स्विच, म्हणजे कॉम्प्युटर केबलने एकमेकांना जोडणारी पेटी, घ्यायच्या विचारात असेल तर पैसे देण्याआधी हे वाचा. आम्हाला २.५ जीचा म्हणून विकलेला आठ पोर्टचा (केबल खोचायच्या आठ जागांचा) स्विच साधा एक गिगाबिटचा निघाला. घाईत चुकीचा डबा हातात पडला असता तर मी लिहायला बसले नसते. इथे मूळ लेबल झाकून त्यावर दुसरं लेबल चिकटवलेलं होतं, म्हणजे कोणीतरी बसून, ठरवून केलेलं काम. दुकानाचं नाव लिहीत नाही. ही लबाडी कुठल्याही काउंटरवर होऊ शकते, त्यामुळे ती ओळखायची कशी हे कळणं जास्त गरजेचं आहे.

दांडिया बाजारात माझं आणि माझ्या धाकट्या दिराचं छोटं व्हिडिओ एडिटिंगचं ऑफिस आहे. लग्नं, मुंजी, अरंगेत्रम आणि नवरात्रात गरबा. सगळं फुटेज एका नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या हार्ड डिस्कच्या पेटीत राहतं आणि सगळे त्यावरूनच काम करतात. गरब्याच्या दिवसांत रात्री दोनला कॅमेरे परत येतात आणि सकाळी गिऱ्हाइकाला झलक हवी असते. गिगाबिट नेटवर्कवर फाइल कॉपी होते ती फार तर सेकंदाला ११०-११५ एमबीने (एमबी म्हणजे मेगाबाइट, आणि आठ बिटांचा एक बाइट), म्हणजे १०० जीबीला पंधरा मिनिटं. २.५ जीवर हाच वेग २८० एमबीच्या आसपास जातो आणि तेच काम सहा मिनिटांत आटोपतं. आमच्या नॅसला २.५ जीचा पोर्ट होता, नव्या कॉम्प्युटरांच्या मदरबोर्डवरही होता. मधला स्विच तेवढा जुना. म्हणून नवरात्राच्या आधी तो बदलायचा ठरवला. (घरी इंटरनेट जोरात चालावं म्हणून कोणी असा स्विच घेणार असेल तर थांबा. तुमचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा असेल तर तो ३००चाच राहील. हा स्विच घरातल्या घरात, एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या डेटासाठी आहे.)

थेट १० जी का नाही, असंही काहींनी विचारलं. आठ पोर्टचा १० जी स्विच बराच महाग पडतो, तापतो, बहुतेकांत पंखा असतो, आणि आमची भिंतीतली केबल जुनी, कॅट ५ई दर्जाची. २.५ जी आणि ५ जीचं मानक, ८०२.३ बीझेड, २०१६ साली आलं ते मुळात अशा इमारतींसाठीच. आधी घातलेली केबल न उखडता गिगाबिटच्या पुढे जाता यावं हा त्यामागचा हेतू. कॅट ५ईवर २.५ जी १०० मीटरपर्यंत चालतं. हे लक्षात ठेवा, पुढे ह्याच मुद्द्यावर आम्हाला दुसऱ्यांदा लुबाडायचा प्रयत्न झाला.

व्हॉट्सअॅपवर मी स्वच्छ लिहून विचारलं होतं: आठ पोर्ट, आठही २.५ जीचे, अनमॅनेज्ड (म्हणजे काही सेटिंग न करता नुसता जोडायचा). उत्तरात मॉडेलचा फोटो आणि भाव आला, जीएसटीसह ११,८०० रुपये. नंतर फोन: "बिल वगर लेशो तो सस्तुं पडशे, बेन" (बिलाशिवाय घेतलंत तर स्वस्त पडेल). मी पक्कं बिलच मागितलं आणि आज वाटतं की आमचे पैसे त्या एका कागदाने आणि त्या चॅटने वाचवले. दुकानातला मुलगा डबा घेऊन आला, जुना स्विच काढून नवा लावला, सगळे हिरवे दिवे लागले, चहा घेतला आणि गेला.

त्याच संध्याकाळी दिराने मोठी फाइल कॉपीला लावली. "वहिनी, हा अजून ११२वरच अडकलाय." विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेट असं गेलं की खाली 'लिंक स्पीड', म्हणजे दुव्याचा वेग, अशी ओळ दिसते. तिथे १०००/१००० एमबीपीएस, म्हणजे एक गिगाबिट, लिहिलेलं. खरा २.५ जी दुवा जुळला असता तर २५००/२५०० दिसायला हवं होतं. दोन्ही टोकांची यंत्रं जोडताना आपसात ठरवून दोघांनाही झेपेल असा सर्वांत जास्त वेग धरतात. म्हणजे कॉम्प्युटर २.५ जीचा असूनही आकडा १००० वर थांबला तर पलीकडचं यंत्र किंवा मधली केबल, दोहोंपैकी एकात खोट आहे.

दुकानदाराला फोन केला आणि मग टोलवाटोलवी सुरू झाली. आधी म्हणाला, तुमच्या कॉम्प्युटरचं कार्ड जुनं असेल. ह्यावर दिराने जे केलं ते प्रत्येकाने करावं असं आहे: स्विच बाजूला ठेवला आणि नॅस आणि कॉम्प्युटर एकाच केबलने थेट जोडले. क्षणात २५००/२५००. तीच केबल, तेच कार्ड, तोच नॅस. स्विच मध्ये घातला की पुन्हा १०००. आठही पोर्ट असे तपासले आणि प्रत्येक वेळच्या स्क्रीनचा फोटो काढून त्याला पाठवला.

मग म्हणाला, स्विच चालू झाल्यावर काही दिवसांनी सेट होतो. असं काही नसतं. दुव्याचा वेग केबल खोचल्यावर काही सेकंदांत ठरतो. मग म्हणाला, नॅसला दोन केबली लावा, दोन मिळून दुप्पट वेग येतो. हे ऐकायला पटतं आणि बरेच लोक इथेच गप्प बसत असतील. पण दोन केबली एकत्र बांधायची सोय सहसा मॅनेज्ड स्विचमध्ये असते, आमचा तसा नव्हता. असता तरी एका कॉम्प्युटरवरची एक कॉपी एकाच केबलवरून जाते. चार जण एकदम काम करत असतील तर एकूण फायदा होतो, एका फाइलचा वेग मात्र गिगाबिटच्या वर जात नाही.

तोवर आमचं लक्ष अडॅप्टरकडे गेलं. त्यावर ९ व्होल्ट, ०.६ अँपिअर असं छापलेलं, म्हणजे ५.४ वॉट. आठ पोर्ट २.५ जीवर चालवणाऱ्या स्विचला साधारण १० ते १५ वॉट लागतात, त्यामुळे त्यांच्याबरोबर सहसा १२ व्होल्टचा, एक-दीड अँपिअरचा अडॅप्टर येतो. तेव्हाच मी स्विच उलटा केला. तळाला पांढरं लेबल, ठळक अक्षरांत २.५ जी. एका कोपऱ्याशी नख घातलं तर कडेला दुहेरी थर लागला. खरं लेबल पातळ आणि पृष्ठभागाला सपाट बसलेलं असतं, हे थोडं फुगलेलं आणि एका बाजूला तिरकं होतं. डब्यावरचा सिरियल नंबर आणि तळावरचा नंबरही जुळत नव्हता.

इथे आम्ही घाई केली नाही आणि तुम्हीही करू नका. दिराने कॅमेरा ट्रायपॉडवर लावला. फ्रेममध्ये बिल, डबा, दोन्ही सिरियल नंबर घेतले आणि शूटिंग चालू ठेवूनच मी हेअर ड्रायरने लेबल गरम करून सोललं. खाली मूळ लेबल: १०/१००/१००० एमबीपीएस, स्विचिंग कपॅसिटी १६ जीबीपीएस, आणि वेगळा मॉडेल नंबर. स्विचचे स्क्रू मात्र उघडले नाहीत. उघडला असता तर "तुम्हीच आतलं बदललंत" म्हणायला तो मोकळा झाला असता. कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर तळाचा सिरियल नंबर सांगितला, तिथूनही हे गिगाबिट मॉडेल असल्याचं सांगितलं. त्याचा बाजारभाव आम्ही दिलेल्या पैशांच्या पाव हिश्श्याच्याही आत.

कपॅसिटीचा हा आकडा समजून घेतला तर दुकानात उभ्या उभ्या पडताळा घेता येतो. पोर्टची संख्या गुणिले वेग गुणिले दोन, कारण डेटा जातो आणि येतोही. आठ गिगाबिट पोर्ट म्हणजे १६, आठ २.५ जी पोर्ट म्हणजे ४०. पण मोठा आकडा बघून भुलू नका. आठ साधे गिगाबिट पोर्ट आणि दोन १० जीचे एसएफपी प्लस पोर्ट (फायबर केबल किंवा वेगळं मॉड्यूल लावायचे) असतील तर बेरीज ५६ येते, खऱ्या आठ २.५ जी स्विचपेक्षा जास्त, आणि तरी तुमचे कॉम्प्युटर गिगाबिटवरच राहतात. अशा स्विचच्या डब्यावर '१० जी' मोठ्या अक्षरांत लिहिणं ही कायद्याने चोरी नसेल, पण गिऱ्हाइकाची दिशाभूल नक्की आहे. एसएफपी आणि एसएफपी प्लस दिसायला सारखेच, पहिला १ जीचा, दुसरा १० जीचा. प्रत्येक पोर्टचा वेग वेगवेगळा विचारा.

आता केबलची गोष्ट, ज्याचा मला जास्त राग आहे. फोटो पाहिल्यावर दुकानदार म्हणाला की स्विच बरोबर आहे, तुमच्या भिंतीतली केबल कॅट ५ई आहे, २.५ जीला त्याहून वरच्या दर्जाची कॅट ६ए लागते, सगळं ऑफिस नव्याने वायर करावं लागेल. वर त्या कामाचा दर सांगितला, स्विचच्या किमतीहून जास्त. कॅट ५ईवर २.५ जी चालतं हे वर लिहिलंच आहे, आणि आमच्याकडे तर थेट जोडून पाहिलेला पुरावाही होता. तरी तो नमुना म्हणून केबलचा तुकडा घेऊन आला. दिराने सुरीने एका तारेचं प्लास्टिक काढलं आणि तार पात्याने हलकेच खरवडली. वरून तांब्याचा लाल रंग, आत चांदीसारखी पांढरी धातू. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, ज्याला बाजारात सीसीए म्हणतात. शुद्ध तांब्याची तार खरवडली तर आतही लालच निघते. अॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्के, वाकवलं की तार लवकर तुटते, आणि केबलमधूनच वीज पुरवायचे कॅमेरे असतील तर ती तापते. कॅट ५ई असो की कॅट ६, मानकात अशा तारेला जागाच नाही. एका गिऱ्हाइकाला आधी खोटा स्विच द्यायचा, आणि तो खोटेपणा झाकायला भिंती फोडून खोटी केबल घालायला लावायची, ह्याला धंदा म्हणत नाहीत.

लेबल सोलल्याचा व्हिडिओ पाठवल्यावर त्याने काखा वर केल्या: माल डिस्ट्रिब्यूटरकडून असाच आला, बिलावर २.५ जी कुठे लिहिलंय? खरोखरच बिलावर फक्त 'नेटवर्क स्विच ८ पोर्ट, १ नग' एवढंच होतं. पण व्हॉट्सअॅपवर माझी मागणी आणि त्याचा भाव दोन्ही होते. मी १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि त्यालाही लिहून कळवलं की पैसे परत आले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, ऑनलाइन करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. छोट्या ऑफिसवाल्यांनी एक गोष्ट नीट बघावी. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार सहसा ह्या कायद्यात 'ग्राहक' धरला जात नाही, पण स्वतः कष्ट करून पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी वस्तू घेतली असेल तर तो खरेदीदार 'ग्राहक'च धरला जातो. आमचं काम त्यात बसतं, आणि तक्रारीत मी ते पहिल्याच ओळीत लिहिलं. त्याने आधी "त्या रकमेचं दुसरं सामान घ्या" असं सुचवलं. मी नकार दिला. शेवटी पूर्ण रक्कम बँकेत परत आली.

दुसरा स्विच दुसऱ्या दुकानातून घेतला. ह्या वेळी लॅपटॉप आणि २.५ जीचा यूएसबी अडॅप्टर बरोबर नेले. दुकानातल्या एका २.५ जीच्या कॉम्प्युटरला स्विचचा एक पोर्ट जोडला आणि बाकीच्या पोर्टांत आळीपाळीने लॅपटॉपची केबल खोचून प्रत्येक वेळी २५०० दिसतंय ना ते बघितलं. दुकानदाराने स्वतःहून टेबल मोकळं करून दिलं. ज्याचा माल खरा आहे त्याला ह्या तपासणीचं ओझं वाटत नाही. बिलावर मॉडेल नंबर, सिरियल नंबर आणि 'आठही पोर्ट २.५ जी' अशी ओळ लिहून घेतली. डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष छापलेलं आहे का, अडॅप्टरवरचा आर-ने सुरू होणारा बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी क्रमांक बीआयएस केअर अॅपवर सापडतो का, हेही तिथेच पाहिलं. सगळं मिळून अर्धा तासही लागला नाही.

आमचा तो पहिला स्विच पैसे परत करताना दुकानदाराने मागून नेला आणि आम्हाला द्यावा लागला. वरचं खोटं लेबल आमच्याकडे आहे, पण तसं दुसरं छापायला किती वेळ लागतो? म्हणून सांगते: लोखंडी पेटी, आठ पोर्ट, ९ व्होल्ट ०.६ अँपिअरचा अडॅप्टर, आणि तळाला २.५ जी लिहिलेलं जाडसर लेबल असा स्विच कोणी समोर ठेवला, तर आधी कोपऱ्याला नख लावून बघा आणि पैसे देण्याआधी लॅपटॉप जोडून लिंक स्पीड वाचा.