पाहुण्यांसाठी पापलेट की जिताडा?

पाहुण्यांना मासे खाऊ घालायचे आहेत आणि त्यातले दोघं-तिघं 'मला वास चालत नाही हं' म्हणणारे आहेत, असं असलं की बांगडा, तारली, पेडवे हे आपले लाडके तिथल्या तिथे बाद होतात. सुरमईसुद्धा काहींना उग्र लागते. मग उरतात पांढऱ्या, सौम्य मांसाचे मासे: पापलेट, जिताडा, रावस आणि हल्ली फ्रीजरमधून डोकावणारा बासा. बोंबीलही सौम्यच, पण तो घरच्यांनी तव्यापाशी उभं राहून गरमागरम हादडायचा मासा. पंगतीत त्याची रया जाते.

आमच्याकडे नवी मुंबईत नेरुळला हा पेच नेहमीचा. बायकोचं माहेर अकोल्याचं. तिकडची मंडळी मासे खातात, पण आधी ताट नाकाजवळ नेऊन.

बासाचा निकाल लवकर लावतो. काटा नाही, वास नाही आणि माझ्या जिभेला तरी चवही फारशी नाही. गोठवलेला तुकडा नीट सुटू दिला, टिपून घेतला तरी तव्यावर पाणी सोडतो आणि लावलेला मसाला त्या पाण्यात पोहायला लागतो. मुलांसाठी फिश फिंगर करायचे असतील तर जरूर घ्या. रावस मात्र उत्तम मासा, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण मला हवा तसा ताजा, मोठा रावस आमच्या दिवाळे गावच्या बाजारात ऐन शनिवार-रविवारी क्वचितच मिळतो, आणि पाहुण्यांचा बेत क्वचितवर ठेवता येत नाही.

म्हणजे खरी लढत पापलेट आणि जिताड्याची.

पापलेटची बाजू भक्कम आहे. 2023 साली त्याला महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून मानही मिळाला. मधला काटा सोडला की घशात अडकेल असं त्यात फारसं काही नसतं, त्यामुळे नवख्या माणसाचीही भीती जाते. निवडायला सोपं: कल्ल्यापाशी दाबलं आणि पांढरट पाणी आलं तर घ्या, लालसर आलं तर पुढे चला. साफ करायलाही त्रास नाही. शिवाय नावातच वजन आहे. 'तुमच्यासाठी पापलेट आणलंय' म्हटलं की अर्धा पाहुणचार तिथेच होतो. तुम्ही मूळचे पापलेटसाठी नावाजलेल्या सातपाटीकडचे असाल तर पुढचं वाचण्यात तुमचा वेळ जाईल, इतकंच.

माझं बिनसलं ते चवीवरून नाही, वेळेवरून. पापलेट हा पातळ मासा. रवा लावलेली तुकडी एका बाजूने तीन-चार मिनिटं, दुसऱ्या बाजूने तेवढीच, की झालं. त्यानंतर तिला थांबायला सांगता येत नाही. डब्यात झाकून ठेवली तर वाफेने रवा मऊ पडतो, उघडी ठेवली तर गार होते, पुन्हा तव्यावर टाकली तर आतून कोरडी. आणि आमचे पाहुणे येणार घोडबंदरहून. 'ऐरोली सोडलं' असा फोन येतो तेव्हा मंडळी अजून कळव्याच्या पुलावर असतात, ऐरोली यायचीच असते. हे एकदा कळलं की तवा तापवायचा कधी हा प्रश्न घड्याळाचा राहत नाही, स्वभाव ओळखण्याचा होतो.

बरं, सगळे आले तरी तव्यावर एका वेळी तुकड्या बसतात चार-पाच. म्हणजे पहिल्या घाण्याचे खाऊन हात चाटत बसतात, दुसऱ्या घाण्याचे ताटाकडे बघत बसतात आणि तळणारा घामाघूम होऊन आतून 'सुरू करा, सुरू करा' ओरडत राहतो. मधल्या जाड तुकड्या पहिल्या फेरीत संपतात. शेपटी तळणाऱ्याच्या वाट्याला. पाहुणे बोलवायचे ते त्यांच्याशी चार शब्द बोलायला ना?

यावर लोक सांगतात की पात्रानी मच्छी कर, म्हणजे हिरवी चटणी लावून केळीच्या पानात वाफवलेला मासा; पारशी लोक पापलेटचीच करतात. करतात, आणि झकास करतात. पण वाफेवरही पापलेटला सवड थोडीच. आणि अख्खं ओव्हनमध्ये घातलं तर पाठीचा जाड भाग होईपर्यंत कडेचा भाग वाळलेला असतो. निदान माझ्या ओव्हनात तरी असंच होतं; तुमचा अधिक शहाणा असू शकेल.

जिताडा इथे वेगळा वागतो. खाडीच्या मचूळ पाण्यात वाढणारा, पेण-अलिबाग-उरणकडे खारजमिनीतल्या तळ्यांमध्ये मुद्दाम वाढवलेला मासा. नवी मुंबईकरांना त्यामुळे तो तसा शेजारचाच. मांस पांढरंशुभ्र, जाड पाकळ्यांचं, काटे मोठे आणि दिसणारे. चव पापलेटपेक्षा किंचित गोडसर आणि भरीव, असं मला वाटतं. यावर पैज लावणार नाही.

दोष नाहीत असं नाही. पहिला, खवले. चांगले मोठे आणि चिवट. ते बाजारातच काढून घ्या, घरी सुरी लावलीत तर पुढचा आठवडाभर डब्यांच्या झाकणांवर सापडत राहतील. दुसरा दोष जास्त गंभीर: तळ्यातल्या जिताड्याला कधीकधी चिखलाचा वास असतो आणि वास न चालणाऱ्या पाहुण्यासमोर हा वास म्हणजे बेतच फसला. म्हणून मी विचारूनच घेतो. आमची ठरलेली मासेवाली मावशी कल्ला उघडून दाखवते, 'दादा, ह्यो खाडीतला हाय, वास घेऊन बघ.' मी खरंच घेतो. तरीही घरी आल्यावर मीठ, हळद आणि लिंबाचा रस चोळून पंधरा-वीस मिनिटं ठेवून धुतो. आंबटाने तो वास बराच मरतो. पोटाकडच्या चरबीत आणि कातडीत तो जास्त असतो, तेव्हा शंका आली तर कातडी काढूनच घ्यावी.

पुढचं काम सोपं आहे. दोन बोटं जाडीच्या तुकड्या. कोथिंबीर, ओलं खोबरं, हिरवी मिरची, लसूण, जिरं, लिंबू यांची घट्ट चटणी, मिरची नेहमीपेक्षा निम्मी. आगरी मसाला मला प्राणप्रिय आहे, पण या माशावर तो घातला की मासा कुठला हे कळेनासं होतं. केळीचं पान विस्तवावर फिरवून मऊ करायचं. ते गडद हिरवं होऊन चकाकायला लागलं की घडी घातली तरी फाटत नाही. चटणी माखलेली तुकडी त्यात गुंडाळून, दोऱ्याने बांधून पुड्या फ्रीजमध्ये ठेवून द्यायच्या. हे सगळं दुपारीच उरकतं. पाहुण्यांनी चपला काढल्या की मोदकपात्राखाली गॅस लावायचा. दोन चाळण्यांमध्ये आठ पुड्या सहज बसतात आणि सरबत होईतो, बारा-पंधरा मिनिटांत, सगळ्यांचं एकदम तयार. एक पुडी उघडून बोटाने दाबून बघा, पाकळ्या सुट्या होत असतील आणि मधला भाग काचेसारखा दिसत नसेल तर झालं.

आणि गप्पा रंगल्या, कुणाचा फोन आला, तरी गॅस बंद करून झाकण किंचित तिरकं ठेवलं की जिताडा वीस-पंचवीस मिनिटं निभावून नेतो. जाड मासा आणि वरून पानाचं पांघरूण, त्यामुळे रस आतच राहतो. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

तरी पापलेटवर काट मारू नका. चारच माणसं असतील, सगळी मासेखाऊ असतील आणि त्याच इमारतीत राहत असतील, तर तव्यावरच्या पापलेटला तोड नाही. भावाचं म्हणाल तर मोठं पापलेट आणि खाडीचा जिताडा, दोन्ही खिसा हलका करतात. त्यावरून निवड करू नये. जून-जुलैत मात्र यांत्रिक बोटींना समुद्रात बंदी असते, तेव्हा ताजं पापलेट म्हणून समोर येईल त्याकडे जरा संशयानेच बघावं. तळ्यातल्या जिताड्याला त्या बंदीची आडकाठी नाही.

आणताना माणशी पाव किलोच्या जरा वर, अख्ख्या माशाच्या वजनाने धरा. आठ जणांना सव्वादोन-अडीच किलोचा एकच मासा घ्या, दोन लहान नकोत. लहानाच्या तुकड्या पातळ पडतात आणि मग पापलेटचंच रडगाणं पुन्हा सुरू. डोकं आणि शेपटीकडचा भाग मावशीला वेगळा बांधून द्यायला सांगा. तो पाहुण्यांसाठी नाहीच. दुसऱ्या दिवशी कोकम घालून त्याचं कालवण करायचं, आणि तिथे आगरी मसाला हवा तेवढा.