गॅस गिझर सर्व्हिसिंग, सिंहगड रोड. चार स्टार, पाचवा का नाही ते शेवटी

आमचा सहा लिटरचा गॅस गिझर, सात वर्षं जुना, बाथरूममध्येच लावलेला. डिसेंबरमध्ये नुसतं टकटकटक करायचा आणि पेटायचाच नाही. पहिल्यांदा ज्याला बोलावलं (नाव नको) त्याने कव्हरसुद्धा न उघडता नवे दोन सेल टाकले, पाचशे घेतले आणि गेला. पेटायला लागला म्हणून आम्ही खूश. आठ दिवसांनी आई अंघोळ करून भिंत धरतच बाहेर आली, म्हणे डोकं गरगरतंय, मळमळतंय. बीपी बघितलं, नॉर्मल. दारात पाच मिनिटं वाऱ्यावर बसली तर बरं वाटलं, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

सोसायटीच्या ग्रुपवरून या दादांचा नंबर मिळाला. पैशाचं बोलायच्या आधी विचारलं, गिझर बाथरूमच्या आत आहे का बाहेर, आणि काचेतून फ्लेम निळी दिसते का पिवळी? पिवळी म्हटल्यावर, "मी येईपर्यंत लावू नका, कॉक बंद करून ठेवा."

कव्हर काढलं तर आत तांब्याच्या पट्ट्यांवर कंदिलाच्या काचेसारखी काजळी, बर्नरच्या भोकांत जाळी आणि धूळ. खाली पेपर अंथरून ब्रशने झाडलं, अख्खं पान काळं झालं. त्यांचं म्हणणं असं की पट्ट्या चोंदल्या की जळलेला धूर वर जात नाही, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. मी म्हटलं, पण वास तर कधीच आला नाही! तर म्हणे वास सिलिंडरच्या गॅसला असतो दादा, तोही मुद्दाम घातलेला, याला वास नाही, रंग नाही, काही नाही. आमच्या मॉडेलला वीस मिनिटांचा ऑटो कटऑफ आहे, त्याच्या भरवशावर मी निवांत होतो, पण तो फक्त वेळ बघतो, हवा नाही. आणि हवा यायची ती लूव्हर्सची खिडकी आम्हीच थंडी वाजते म्हणून पुठ्ठा लावून बंद केलेली. शहाणपणा!

बर्नर साफ झाल्यावर फ्लेम एकदम निळी आली. जॉइंटना साबणाचा फेस लावून लीक तपासलं, केशरी नळीवरची तारीख दाखवली, पाच वर्षं कधीच उलटून गेलेली, तीही बदलली. पण एवढं करून गिझर परत बाथरूममध्ये लावायला सरळ नकार. ड्राय बाल्कनीत लावा आणि गरम पाण्याची लाईन आत न्या, नाहीतर सर्व्हिसिंगचे पैसे नकोत पण आत लावून देणार नाही. मी जरा चिडलोच, खर्च वाढला ना. आई मात्र म्हणाली, ते सांगतायत तसं करा.

सर्व्हिसिंगचे सहाशे, नळी आणि शिफ्टिंग वेगळं, सगळ्याचं लेखी बिल, जुनी नळी हातात दिली. पाचवा स्टार कापला कारण अकराला येतो म्हणून अडीचला आले आणि जुन्या फिटिंगची भोकं टाईल्समध्ये तशीच सोडली. बोलवायचं तर दिवाळीच्या आधी बोलवा, थंडी पडली की चार-चार दिवस नंबर लागत नाही त्यांच्याकडे.