वेताळाचा जुना अंक, टिनटिन की मांगा? बडोद्यात पुन्हा कॉमिक्सकडे वळताना

कॉमिक्स सुटून वीस-पंचवीस वर्षं झालेला माणूस परत वाचायला लागतो, तेव्हा हात आधी लहानपणच्या अंकांकडेच जातो. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एखादा इंद्रजालचा अंक खाली येतो आणि तासाभरात वाचून होतो. मग शोधाशोध सुरू होते. दोन-चार महिन्यांत पंधरा-वीस अंक घरात येतात आणि त्यातले शेवटचे पाच-सहा न उघडताच पडून राहतात. गोडी आटलेली नसते. आठवणीसाठी दोन अंक पुरतात, वाचनाची भूक मात्र नव्या गोष्टीनंच भागते. म्हणून आमचा सल्ला सुरुवातीलाच सांगतो: जुन्यावर खर्चाचा चौथा हिस्सा, उरलेला सगळा अजून न वाचलेल्यावर. ते न वाचलेलं कोणतं, यावर मात्र बरंच बोलण्यासारखं आहे.

जुना अंक की पुनर्मुद्रण

टाइम्स ऑफ इंडिया समूहाचं इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू झालं, १९९० मध्ये थांबलं. पहिल्या अंकाची किंमत साठ पैसे होती. पुष्कळांच्या ध्यानात नसतं ते हे, की या अंकांत कथा पूर्ण नसायची. ली फॉकचा वेताळ ही १९३६ पासून अमेरिकी वर्तमानपत्रांत रोज येणारी चित्रपट्टी. ती ठरलेल्या पानांत बसवायची म्हणून इंद्रजालमध्ये चौकटी गाळल्या जात, कडेनं कापल्या जात. नावंही बदलली. वेताळाच्या देशाचं मूळ नाव बंगालशी मिळतंजुळतं, म्हणून तो इथे ‘डेंकाली’ झाला. त्यामुळे हवी ती आठवण की गोष्ट, हे आधी ठरवा. आठवण हवी असेल तर जुना अंक, त्याच्या कागदासकट आणि वासासकट. गोष्ट हवी असेल तर मूळ पट्टीची सलग इंग्रजी पुनर्मुद्रणं सरस, कारण गाळलेल्या चौकटी तिथे परत भेटतात. अलीकडे हिंदीतही वेताल नव्यानं छापला गेला आहे. मराठी वेताळासाठी मात्र जुन्या अंकांवरच भिस्त.

बहादूरची गोष्ट वेगळी. तो १९७६ साली इंद्रजालसाठीच जन्माला आला. लेखक आबिद सुरती, मूळचे गुजरातचे, आणि सुरुवातीची चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. इथे अंक हेच मूळ रूप. जुन्यावर पैसे घालायचेच असतील तर आधी बहादूरवर घाला.

बडोद्यात जुने अंक मिळतात ते पस्तीवाल्याकडे, म्हणजे रद्दीवाल्याकडे, आणि तेही दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात, घराघरांतले माळे रिकामे होतात तेव्हा. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या मराठी घरांची पस्ती इतर भागांपेक्षा जास्त आशेची. तरी मराठीपेक्षा गुजराती अंक हाती लागण्याचा संभव अधिक. लिपी येत असेल तर ते सोडू नका, चित्रं तीच आहेत. एखादा रविवार मोकळा असेल तर अहमदाबादचा साबरमतीकाठचा ‘रविवारी’ नावाचा जुना बाजार सकाळी लवकर गाठावा. ऊन चढेपर्यंत चांगला माल उचललेला असतो.

अंक घेताना मधलं पान आधी उघडा. पिना गंजल्या की सर्वांत आधी तेच जोडपान सुटतं आणि हरवतं, आणि नेमकी तिथली झटापट गायब होते. पानं मोजा. सेलोटेप लावलेला अंक घेऊ नका. टेपचा गोंद तपकिरी होऊन कागदात उतरतो आणि काढायला गेलं की शाई घेऊन येतो. वाचनालयाचा शिक्का चालेल. बांधीव खंडात कडा छाटलेल्या असतात आणि कधीकधी संवादाच्या फुग्यातलं शेवटचं अक्षर त्यात जातं, तेव्हा चार-पाच पानं तपासूनच पैसे द्या.

घरी आणल्यावर शत्रू दोन: दमट हवा आणि स्वस्त कागद. वर्तमानपत्री कागदात लिग्निन हा लाकडातला घटक राहिलेला असतो. उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडतो आणि कागद ठिसूळ होतो. पिवळेपणा उलटवता येत नाही, फक्त धीमा करता येतो. अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, मागे आम्लविरहित पुठ्ठा घालून उभे ठेवा. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या काही वर्षांनी चिकट होतात आणि मुखपृष्ठाची शाई उचलतात. वर्तमानपत्रात गुंडाळणं तर नकोच, त्याचं आम्ल अंकात उतरतं. कसर दिसली तर अंक आधी पूर्ण कोरडा करा, हवाबंद पिशवीत घाला आणि दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर बाहेरच्या हवेतलं पाणी कागदावर धरतं. तळमजल्यावर राहत असाल तर खालचा कप्पा मोकळाच सोडा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्यांना हे सांगायला नको. आणि माळाही नको: मे महिन्यात पत्र्याखाली किंवा गच्चीखाली जे तापतं, त्यात कागद पावसाळ्यापेक्षाही लवकर मरतो.

घरातली मुलं काय वाचू शकतात

बडोद्यातल्या मराठी घरात हा प्रश्न महाराष्ट्रापेक्षा वेगळा पडतो. मुलं मराठी बोलतात, शाळेत इंग्रजी किंवा गुजराती शिकतात आणि मराठी पान हातात दिलं की अडखळतात. देवनागरी त्यांना येते ती हिंदीमुळे. त्यामुळे घरात सगळ्यांनी मिळून वाचायचं असेल तर हिंदी कॉमिक्स हा सर्वांत सोपा पूल.

अमर चित्र कथा (१९६७, अनंत पै) आणि राज कॉमिक्स यांची इथे तुलना होते. अमर चित्र कथेचा अंक ३२ पानांत संपतो, कुठूनही सुरू करता येतो आणि काही अंक मराठीतही निघाले आहेत. पण मोठ्या वाचकाला त्यातली बोधाची घाई लवकर जाणवते. राज कॉमिक्सचा नागराज आणि अनुपम सिन्हांचा सुपर कमांडो ध्रुव हे ऐंशीच्या दशकातले. चित्रं दणकट, कथा लांब. तिथला धोका एकच: गोष्ट तीन-चार अंकांवर पसरलेली असते आणि दुकानात नेमका दुसरा भाग पडलेला असतो. ‘नागायण’ तर ८ भागांत आहे. मुखपृष्ठावरचा भाग क्रमांक पाहिल्याशिवाय घेऊ नका, आणि संग्राहक आवृत्ती मिळत असेल तर तीच घ्या.

मराठीच हवं असेल तर चिंटू. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही पट्टी १९९१ पासूनची. तीन-चार चौकटींत गोष्ट संपते, त्यामुळे अडखळत वाचणाऱ्या मुलाला पहिल्याच पानावर ‘वाचून झालं’ म्हणता येतं. मराठी लिपीची सवय लावायला याहून चांगलं साधन आम्हाला माहीत नाही.

युरोपी आल्बम आणि जपानी मांगा

खरी निवड इथे आहे आणि इथेच सर्वांत जास्त चुकीची खरेदी होते.

इंद्रजालच्या रंगीत पानांवर वाढलेल्या डोळ्याला टिनटिन सर्वांत कमी खटकतो. बेल्जियन चित्रकार एर्जेनं १९२९ मध्ये सुरू केलेली ही मालिका २४ आल्बमांची, म्हणजे मोठ्या आकाराच्या पुस्तकांची आहे, त्यातला शेवटचा अपुरा. रंगीत आल्बम ६२ पानांचा असतो आणि सावकाश वाचला तर दीड तास पुरतो. पहिल्या क्रमांकापासून सुरुवात करणं ही नेहमीची चूक. सुरुवातीच्या आल्बमांत एर्जेचा हात अजून बसलेला नाही, आणि काँगोसारख्या कथांत वसाहतकाळची नजर डोकं दुखवते. ‘युनिकॉर्नचं रहस्य’ आणि त्याचा पुढचा भाग ‘रेड रॅकहॅमचा खजिना’ ही जोडी एकत्र घ्या. एकटा पहिला घेतलात तर गोष्ट अर्ध्यात तुटेल. त्यानंतर तिबेटचा आल्बम: त्यात टिनटिन दिल्लीतून जातो, कुतुबमिनार दिसतो, आणि पुढचं बर्फ एर्जेनं इतक्या मोकळ्या पांढऱ्या जागेनं काढलं आहे की तेवढ्यासाठीच तो मोठ्या आकारात वाचावा.

आकाराची गोष्ट गंभीरपणे घ्या. तीन आल्बम एकत्र असलेली जाड, लहान आवृत्ती स्वस्त पडते आणि कपाटात छान दिसते. पण पान आकसल्यामुळे फुग्यातली अक्षरं बारीक होतात आणि चाळिशीनंतर ती चष्म्यालाही त्रास देतात. सुटा मोठा आल्बम महाग, तरी तोच घ्या.

अस्टेरिक्स ही फ्रेंच मालिका (१९५९) चित्रांनी तितकीच देखणी, पण तिचा अर्धा विनोद नावांतल्या आणि शब्दांतल्या कोट्यांत आहे. इंग्रजी भराभर वाचता येत नसेल तर ही दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. लेखक गोसिनी १९७७ मध्ये गेले, त्यांच्या हयातीतले आल्बम आधी वाचा. पुढच्यांत चित्रं टिकली, गोष्टीची पकड सैल झाली.

मांगाचं गणित सगळंच निराळं. एक खंड साधारण १९०-२०० पानांचा, काळा-पांढरा, पुस्तकाच्या आकाराचा, आणि वाचायचा उजवीकडून डावीकडे. पहिली चाळीस पानं डोळा चुकीच्या कोपऱ्यात उतरतो. आधी उत्तर, मग प्रश्न वाचला जातो आणि वाटतं की भाषांतरच वाईट आहे. उर्दू वाचणाऱ्याला हा त्रास होत नाही. उपाय सोपा: पान उलटताच वरच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवायचं. पहिला खंड संपेस्तोवर बोटाची गरज उरत नाही.

दुसरी अडचण लांबीची. ‘वन पीस’ १९९७ पासून चालू आहे आणि शंभराहून अधिक खंडांचं झालं आहे. परत वाचायला लागणाऱ्यानं तिथून सुरुवात केली की तो बाराव्या खंडापाशी दमतो आणि मांगाच आपल्यासाठी नाही असं ठरवून बसतो. संपलेली, मोजकी मालिका घ्या. ‘डेथ नोट’ १२ खंडांत संपते. ओसामू तेझुकाचा ‘बुद्ध’ ८ खंडांचा आहे. कपिलवस्तू, मगध, कोसल ही नावं आपल्या ओळखीची, त्यामुळे परकेपणा कमी, आणि तेझुका त्यात स्वतःची पात्रं मिसळून जी मोकळीक घेतो ती पाहण्यासारखी. आमची पहिली पसंती तोच.

मांगा विकत घेताना नकली छपाईपासून सांभाळा. ऑनलाइन निम्म्या किमतीत मिळणारे संच बरेचदा स्कॅन करून छापलेले असतात. ओळख करड्या छटांवरून होते. मांगात सावली बारीक ठिपक्यांची असते. नकली प्रतीत त्या ठिपक्यांवर लाटांसारखी नक्षी उमटते, काळा रंग राखाडी दिसतो आणि शिवणीकडची अक्षरं आत गिळली जातात. पैसे घालण्याआधी चव घ्यायची असेल तर जपानी प्रकाशक शुएशाच्या मांगा प्लस या ॲपवर चालू मालिकांची पहिली तीन आणि ताजी तीन प्रकरणं अधिकृतपणे फुकट वाचता येतात. पहिली तीन आवडली नाहीत तर चौथ्यासाठी थांबू नका.

इथल्याच मातीतल्या दोन

आठवण नव्हे, टिनटिन नव्हे, मोठ्या माणसाचं वाचन हवं असेल तर भारतीय चित्रकादंबरी. यादी लांब होऊ शकते, पण बडोदेकरानं दोन आधी वाचाव्यात.

‘भीमायन’ (२०११) ही बाबासाहेबांची गोष्ट. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातल्या परधान गोंड चित्रकारांची, मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. यातला निवाऱ्याचा भाग बडोद्यातच घडतो. १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी आलेल्या बाबासाहेबांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतूनही बाहेर काढलं गेलं आणि त्यांना कमाटीबागेत बसून राहावं लागलं. त्या बागेतून रोज फिरायला जाणाऱ्यानं ही पानं वाचली की बाग वेगळी दिसते. नेहमीच्या चौकटी इथे नाहीत. पानं वळणदार नक्षीनं विभागली आहेत. बोलण्याच्या फुग्यांनाही अर्थ आहे: मृदू बोलणं पक्ष्याच्या आकारात, विखारी बोलणं विंचवाच्या नांगीसह. इंद्रजालच्या वेगानं वाचाल तर काहीच हाती लागणार नाही. दिवसाला एक भाग पुरे.

ओरिजित सेन यांची ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ १९९४ ची, नर्मदेवरच्या धरणाच्या वादावरची, काळी-पांढरी. बरीच वर्षं ती मिळत नव्हती. २०२२ मध्ये ती पुन्हा छापली गेली. आदिवासी सृष्टिकथा आणि बातमीदाराची शोधयात्रा दोन वेगळ्या शैलींत काढून सेन ती एकाच पुस्तकात चालवतात. धरण इथून नव्वदेक किलोमीटरवर, त्यामुळे पटो न पटो, इथल्या वाचकाला ती परकी वाटत नाही. दोन्हींत एकच निवडायची तर ‘भीमायन’.

कागद की पडदा

मोबाइलवर आल्बम वाचू नका. तीस सेंटिमीटर उंचीचं पान हाताच्या पंजाएवढं होतं आणि चौकट-चौकट मोठी करून दाखवणारी सोय वापरली तर पानाची रचनाच नाहीशी होते, जोडपानं मधोमध तुटतात. मांगा सहा इंचांवर कसाबसा चालतो. उभं सरकवत वाचायची कोरियन वेबटून मात्र फोनसाठीच काढलेली असतात, तिथे कागद उलट गैरसोयीचा. दहा इंची टॅबलेट असेल तर जवळपास सगळं चालतं.

पैसे घालण्याआधी मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात एक फेरी मारा. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकी ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून वाचकानं स्वतः कपाटातून पुस्तक काढावं अशी पद्धत इथे आणली. चाळून बघायला याहून योग्य जागा नाही.

पहिल्या दोन महिन्यांत

पहिल्या आठवड्यात घरात असलेला एक जुना अंक, बस्स. मग युनिकॉर्नची जोडी. ती दोन बैठकांत संपली तर ‘बुद्ध’चा फक्त पहिला खंड घ्या, आठांचा संच नव्हे. रेंगाळली तर वेळ कमी आहे असं समजा आणि चिंटूचा एक संग्रह पलंगाशेजारी ठेवा. दुसऱ्या महिन्यात ‘भीमायन’. या सगळ्यात वेताळाची ओढ पुन्हा लागली तर खुशाल पस्तीवाल्याकडे जा, फक्त मधलं पान उघडून बघायला विसरू नका.