जवारी, कडकनाथ की भलतेच काही? वाढत्या पिल्लांची जात ओळखताना

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात टेम्पोतून किंवा मोटारसायकलवरच्या जाळीतून येणारे कोंबडीचे तपकिरी पिल्लू 'जवारी' (गावठी) म्हणून विकले जाते आणि काळे पिल्लू 'कडकनाथ' या काळ्या कातडीच्या जातीचे म्हणून. दोन महिन्यांनी भलतेच काहीतरी अंगणात फिरत असते. रंगावर भिस्त ठेवली की हे होणारच. जन्मताना असलेली लव पाच-सहा आठवड्यांत पूर्ण जाते आणि पिसांचा खरा रंग चार-पाच महिन्यांचे झाल्यावरच पक्का होतो. रंगापेक्षा तुरा, जीभ, कातडी, तळपाय आणि वजन लवकर बोलतात.

सर्वांत जास्त फसवणूक कडकनाथमध्ये, कारण दर तिथेच चढा. त्या जागी बहुधा ब्लॅक ऑस्ट्रलॉर्प (काळ्या पिसांची विदेशी जात) किंवा कडकनाथचा संकर येतो. पिल्लू एक दिवसाचे असताना पोट बघावे. ऑस्ट्रलॉर्पचे पिल्लू वरून काळे, पण पोटाला आणि पंखांच्या टोकांना पांढरट-पिवळे असते. कडकनाथचे निळसर ते काळे असून पाठीवर वेडेवाकडे गडद पट्टे दिसतात. खरी परीक्षा आठव्या आठवड्याला, भर उजेडात. चोच उघडून जीभ आणि टाळू बघावा, छातीच्या पिसांवर फुंकर मारून कातडी बघावी, मग पाय उलटा करून तळवा. कडकनाथमध्ये हे सगळे करडे ते काळे आणि तुरा जांभळट. ऑस्ट्रलॉर्पचा पाय काळसर असला तरी तळवा आणि कातडी पांढरी, तुरा लालभडक, पिसांवर हिरवी झाक. संकर या दोघांच्या अधेमधे लटकतो: कातडी काळपट, पण जीभ गुलाबी किंवा तुरा लाल. काळेपणाचे जनुक प्रभावी असल्यामुळे अर्ध्या रक्ताचा पक्षीही लांबून अस्सल वाटतो. अंड्यावरून निकाल लागत नाही; कडकनाथचे अंडे फिकट तपकिरी असते, 'काळे अंडे' ही नुसती थाप.

अंड्यांसाठीच पाळणार असाल तर ऑस्ट्रलॉर्प निघाली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. कडकनाथ वर्षाला शंभरच्या आतबाहेर अंडी देते, ऑस्ट्रलॉर्प त्याच्या जवळजवळ दुप्पट. मात्र ती कडकनाथ म्हणून पुढे विकू नये.

'जवारी' म्हणून घेतलेल्या पिल्लांत तीन शक्यता. खरी जवारी अंगाने हलकी असते. आठव्या आठवड्याला वजन अर्धा किलो किंवा त्याहून कमी. दुसरी शक्यता गिरिराज, वनराज या सुधारित जातींची. त्या चांगल्या खाद्यावर तोवर किलोच्या आसपास पोचतात आणि त्यांच्या पायाच्या नळ्या बोटाला जाड लागतात. तिसरी शक्यता लेयरच्या, म्हणजे अंड्यांसाठीच्या व्यापारी कोंबड्यांच्या, नरांची. तपकिरी लेयरच्या हॅचरीत मादी पिल्लू तपकिरी आणि नर फिकट पिवळा निघतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी वेगळे काढलेले नर स्वस्तात बाजारात येतात. सहाव्या-सातव्या आठवड्याला सगळ्यांचेच तुरे लाल होऊन वाढू लागले आणि एकही तलंग (अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) दिसेना, तर हाच माल समजावा. गुलाबी-हिरव्या रंगवलेल्या पिल्लांतही बहुधा नरच असतात. लव झडली की रंग जातो, खालून पांढरी पिसे, मोठा सरळ तुरा आणि पांढऱ्या कानपाळ्या आल्या की तो लेगहॉर्न, म्हणजे पांढऱ्या लेयरचा नर.

गिरिराज की स्वर्णधारा, यावर डोके खपवण्यात अर्थ नाही. दोन्ही बंगळूरच्या हेब्बाळमध्ये तयार झाल्या, दोन्ही रंगीबेरंगी. स्वर्णधारा वर्षाला 180-190 अंडी देते, गिरिराज 130-150, एवढाच हिशेबाचा फरक. पण घरच्या गिरिराजची अंडी उबवून निघालेली पिल्ले 'गिरिराज' म्हणून विकली जात असतील तर घेऊ नका. पुढच्या पिढीत वाढ आणि अंडी दोन्ही घसरतात. असील ही झुंजीची जात ओळखतानाही सांभाळून: बसका, वाटाण्यासारखा तुरा संकरातही उतरतो, म्हणून उंच ताठ मान, लांब पाय आणि अंगाला चिकटून बसलेली पिसे एकत्र दिसली तरच असील. बोडकी मान मात्र कोणत्याच एका जातीची खूण नाही.

ठेवायचे कोण, हे जागेवर ठरते. खानापूरकडे पाऊस जास्त, घार आणि मुंगूसही जास्त. तिथे मोकळे सोडायचे असेल तर झाडावर चढून बसणारी जवारीच टिकते, शिवाय ती खुडूक होऊन दहा-बारा अंडी 21 दिवसांत स्वतः उबवते. गिरिराज, स्वर्णधारा सहसा बसत नाहीत. त्यांना जाळीचे खुराडे आणि विकतचे खाद्य हवे, बदल्यात अंडी दुप्पट. लेयरचे नर चार-साडेचार महिन्यांना काढून टाकावेत, त्यापुढे खाद्य फुकट जाते. दहा कोंबड्यांमागे एक नर पुरे.

मिश्र कळपात खाद्याची चूक सर्रास होते. सुधारित तलंगा पाच-साडेपाच महिन्यांना अंड्यावर येतात, जवारी त्यानंतर महिना-दीड महिन्याने. पहिली अंडी दिसताच सगळ्यांना लेयर खाद्य घातले तर त्यातल्या जास्तीच्या कॅल्शियमने नर आणि न पिकलेल्या तलंगांच्या मूत्रपिंडावर ताण येतो. सगळ्यांना ग्रोअर (वाढीच्या वयाचे) खाद्यच चालू ठेवावे आणि कॅल्शियमसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. ज्या कोंबडीला गरज तीच तो टिपते.