मत मांडताना इंडिकेटिव्ह की सबजंक्टिव्ह? स्पॅनिश शिकणाऱ्यांसाठी तुलना

स्पॅनिशमध्ये स्वतःचे मत सांगताना क्रियापदाचे कोणते रूप वापरायचे, इंडिकेटिव्ह (साध्या विधानाचे रूप) की सबजंक्टिव्ह (इच्छा, नकार, मूल्यमापन अशा वाक्यांत येणारे रूप), हा निर्णय बी1, म्हणजे मध्यम पातळीपासून जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात घ्यावा लागतो. स्पॅनिशच्या प्रसारासाठी असलेल्या इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पेनच्या सरकारी संस्थेच्या अभ्यासक्रमात वर्तमानकाळी सबजंक्टिव्ह याच पातळीवर येतो. बहुतेक विद्यार्थ्यांच्या वहीत त्यासाठी एक सूत्र लिहिलेले असते: खात्री असेल तर इंडिकेटिव्ह, शंका असेल तर सबजंक्टिव्ह. हे सूत्र पाठ करायला सोपे आहे. परंतु निर्णय जिथे खरोखर अडतो, नेमक्या त्याच ठिकाणी ते उपयोगी पडत नाही. म्हणून एकच वाक्य हाती घेऊन ते दोन्ही रूपांत कसे वागते, हे तपासणे अधिक फायद्याचे ठरेल. (स्पॅनिश शब्द येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत.)

वाक्य असे: 'पेद्रो येगा तार्दे', म्हणजे पेद्रो उशिरा येतो. यातले 'येगा' हे इंडिकेटिव्हचे रूप आहे आणि 'येगे' हे सबजंक्टिव्हचे. आता मत जोडू. 'क्रेओ के पेद्रो येगा तार्दे' म्हणजे पेद्रो उशिरा येतो असे मला वाटते. येथे बोलणाऱ्याला पूर्ण खात्री नाही, ती असती तर 'क्रेओ' म्हणण्याची गरजच पडली नसती; तरीही रूप इंडिकेटिव्हचे आहे. उलट 'मे पारेसे माल के पेद्रो येगे तार्दे', म्हणजे पेद्रो उशिरा येतो हे मला बरोबर वाटत नाही, या वाक्यात पेद्रोच्या उशिरा येण्याबद्दल कोणालाच शंका नाही, सगळे कार्यालय ते रोज पाहते आहे. तरीही रूप सबजंक्टिव्हचे आहे. खात्री आणि शंकेचे सूत्र दोन्ही वाक्यांत उलटे पडते.

खरा निकष वेगळा आहे. 'के' (मराठीतला 'की') या शब्दानंतरचा मजकूर मी माझे विधान म्हणून ऐकणाऱ्यापुढे ठेवतो आहे का, एवढेच स्वतःला विचारावे. 'क्रेओ के' म्हणताना मी विधानच करतो आहे, फक्त जरा सावधपणे, म्हणून इंडिकेटिव्ह. 'मे पारेसे माल के' म्हणताना पेद्रो उशिरा येतो ही बातमी मला द्यायची नाही, ती गृहीत धरून मला माझी नापसंती सांगायची आहे, म्हणून सबजंक्टिव्ह. 'नो क्रेओ के' म्हणताना मी ते विधान करायलाच नकार देतो. म्हणून पुन्हा सबजंक्टिव्ह. शंका, नकार, पसंती, नाराजी, आश्चर्य असे पाच-सहा वेगवेगळे नियम पाठ करण्यापेक्षा हा एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घेणे मला केव्हाही श्रेयस्कर वाटते.

'मे पारेसे' हे क्रियापद या दृष्टीने फार बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण त्याच्या पुढे काय येते त्यावर सगळे ठरते. पुढे काहीच नसेल आणि थेट 'के' येत असेल, तर ते 'क्रेओ' सारखेच मत मांडते: 'मे पारेसे के पेद्रो येगा तार्दे'. मध्ये 'बिएन' (चांगले), 'माल' (वाईट), 'रारो' (विचित्र), 'लोखिको' (तर्कसंगत) असा मूल्यमापनाचा शब्द आला की रूप 'येगे' होते. पण मध्ये 'एबिदेन्ते' (उघड) किंवा 'क्लारो' (स्पष्ट) आले तर पुन्हा 'येगा'च हवे, कारण एखादी गोष्ट उघड आहे असे म्हणणे म्हणजे ती ठामपणे सांगणेच आहे. 'एस नोर्माल के पेद्रो येगे तार्दे' आणि 'एस बेर्दाद के पेद्रो येगा तार्दे' या जोडीलाही हाच हिशोब लागू होतो: पहिल्यात उशीर स्वाभाविक ठरवला आहे, दुसऱ्यात तो खरा म्हणून सांगितला आहे. 'बेर्दाद'च्या आधी 'नो' लावला, की विधान मागे घेतले जाते आणि 'येगे' येते.

मराठी भाषकाची अडचण येथे थोडी निराळी आहे. मराठीत 'तो उशिरा येतो असे मला वाटते' आणि 'तो उशिरा येतो असे मला वाटत नाही' या दोन्ही वाक्यांत 'येतो' जसेच्या तसे राहते, नकाराचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. त्यामुळे 'नो क्रेओ के' नंतर रूप बदलण्याची आठवण आपल्याला आतून होत नाही, ती मुद्दाम ठेवावी लागते. दुसरीकडे आपला विध्यर्थ कधी मदत करतो आणि कधी दिशाभूल करतो. 'त्याने वेळेवर यावे असे मला वाटते' यातल्या 'यावे'साठी स्पॅनिशमध्ये सबजंक्टिव्हच लागतो, मात्र क्रियापद 'क्रेओ' नव्हे, तर इच्छा दाखवणारे 'किएरो' घ्यावे लागते. याउलट 'तो घरी असावा' या वाक्यातला 'असावा' पाहून सबजंक्टिव्हकडे वळण्याचा मोह होतो, आणि तो आवरलाच पाहिजे, कारण तो आपला अंदाज आहे, म्हणजेच सावध विधान आहे: 'क्रेओ के एस्ता एन कासा', इंडिकेटिव्ह.

असहमती दाखवायची असेल, तर स्पॅनिशमध्ये दोन वाटा आहेत आणि निवड आपल्या हाती असते. 'क्रेओ के पेद्रो नो येगा तार्दे' यात नकार आतल्या वाक्यात आहे, त्यामुळे रूप इंडिकेटिव्हचेच राहते आणि नवशिक्याची चूक टळते. 'नो क्रेओ के पेद्रो येगे तार्दे' यात नकार बाहेर आहे आणि सबजंक्टिव्ह लागतो. अर्थ जवळपास एकच असला, तरी पहिले वाक्य उलट बाजूचे विधान करते, तर दुसरे समोरच्याचे विधान फक्त मान्य करत नाही. म्हणून दुसरे अधिक सौम्य लागते. वाटाघाटीत, ग्राहकाला लिहिलेल्या पत्रात किंवा परीक्षेतल्या चर्चेत 'नो क्रेओ के सेआ पोसिब्ले' (ते शक्य आहे असे मला वाटत नाही) हे वाक्य जितके सहज ऐकू येते, तितके 'क्रेओ के नो एस पोसिब्ले' (ते शक्य नाही असे मला वाटते) येत नाही. सबजंक्टिव्ह टाळण्यासाठी पहिली वाट कायमची धरून बसणारे विद्यार्थी व्याकरणात चुकत नाहीत, पण त्यांचे बोलणे विनाकारण रोखठोक होते. ज्याला फक्त एकच रचना पक्की करण्याइतका वेळ आहे, त्याने 'नो क्रेओ के' पक्की करावी.

रूपे तयार करणे वाटते तितके अवघड नाही. 'मी'चे वर्तमानकाळी रूप घ्यायचे, शेवटचा 'ओ' काढायचा आणि स्वर उलटा लावायचा, म्हणजे 'आ'च्या जागी 'ए' आणि 'ए' किंवा 'इ'च्या जागी 'आ': 'तेंगो'वरून (माझ्याकडे आहे) 'तेंगा', 'आब्लो'वरून (मी बोलतो) 'आब्ले'. या रीतीत न बसणारी क्रियापदे सहाच आहेत आणि त्यांची रूपे 'सेआ', 'एस्ते', 'आया', 'बाया', 'सेपा', 'दे' अशी आहेत. ती मात्र तोंडपाठच हवीत, कारण मत मांडताना तीच सर्वाधिक लागतात. भविष्यकाळासाठी निराळे रूप शिकावे लागत नाही. भविष्यकाळी सबजंक्टिव्ह आता कायद्याच्या भाषेत आणि काही जुन्या म्हणींतच उरला आहे, त्यामुळे 'नो क्रेओ के येगे' हेच 'तो येतो असे वाटत नाही' आणि 'तो येईल असे वाटत नाही' या दोन्हींचे काम करते.

काही ठिकाणी दोन्ही रूपे शुद्ध असतात आणि अर्थ बदलतो. खरी गोडी तिथेच आहे. 'एन्तिएन्दो के पेद्रो येगा तार्दे' म्हणजे पेद्रो उशिरा येतो असे माझ्या कानावर आले आहे, माझी तशी समजूत आहे. 'एन्तिएन्दो के पेद्रो येगे तार्दे' म्हणजे पेद्रोला उशीर होतो हे मी समजून घेऊ शकतो, त्याची अडचण मला पटते. एका स्वराच्या फरकाने माहितीची सहानुभूती होते. 'नो एस के पेद्रो येगे तार्दे, एस के ला रेउनिओन एम्पिएसा तेम्प्रानो', म्हणजे पेद्रो उशिरा येतो असे नाही, बैठकच लवकर सुरू होते, या वाक्यात तर नाकारलेल्या कारणाला सबजंक्टिव्ह आणि पुढे केलेल्या कारणाला इंडिकेटिव्ह मिळतो. लेखी परीक्षेत युक्तिवाद करताना ही रचना विशेष शोभते.

नकार दिसला की लगेच सबजंक्टिव्ह लावण्याची घाईही नको. 'नो क्रेएस के पेद्रो येगा तार्दे?' या प्रश्नात 'तुला नाही वाटत, की...' असे म्हणत बोलणारा स्वतःचेच मत पुढे करतो आहे, म्हणून इंडिकेटिव्ह. तिसऱ्या व्यक्तीबद्दल बोलतानाही असेच घडू शकते: पेद्रोचा विश्वास नसला, तरी पृथ्वी गोल आहे याची हमी मी देतो आहे, हे दाखवायला 'पेद्रो नो क्रेए के ला तिएर्रा एस रेदोन्दा' असे म्हणता येते. 'नो क्रेओ के' मध्ये मात्र ही सूट सहसा मिळत नाही, कारण एकच माणूस एकाच वेळी हमी देऊन ती नाकारू शकत नाही.

'कदाचित'च्या शब्दांत 'किसास' आणि 'ताल बेस' क्रियापदाच्या आधी आले तर दोन्ही रूपे चालतात, सबजंक्टिव्ह घेतल्यास शक्यता जरा लांबची वाटते; 'आ लो मेखोर' नंतर इंडिकेटिव्हच वापरावा.

भूतकाळात निवडीचा निकष तोच राहतो: 'क्रेइआ के पेद्रो येगाबा तार्दे', पण 'नो क्रेइआ के पेद्रो येगारा तार्दे'. येथे सबजंक्टिव्हलाच 'येगारा' आणि 'येगासे' अशी दोन रूपे आहेत आणि या रचनेत त्यांच्या अर्थात फरक नाही. लॅटिन अमेरिकेत रोजच्या बोलण्यात 'येगारा'चे वर्चस्व आहे आणि स्पेनमध्येही तेच अधिक ऐकू येते. म्हणून बोलण्यासाठी 'येगारा' शिकावे आणि 'येगासे' वाचताना ओळखता आले तरी पुरे.