टर्पेंटाइनने पुसलेले न्यूयॉर्क

माझ्या अकरावीतल्या भाचीने उन्हाळ्याच्या सुट्टीत एक जाडजूड, कोपरे दुमडलेले पुस्तक माझ्या हातात ठेवले आणि ‘आत्या, शेवट आधी वाचू नकोस’ एवढी एकच अट घातली. ते पुस्तक म्हणजे कॅसँड्रा क्लेअर यांची २००७ साली प्रसिद्ध झालेली ‘सिटी ऑफ बोन्स’ ही इंग्रजी कादंबरी. ‘द मॉर्टल इन्स्ट्रुमेंट्स’ या सहा भागांच्या मालिकेतला हा पहिला भाग असून शेवटचा भाग २०१४ साली आला. आजच्या महानगराच्या पोटात जादूचे दुसरे जग दडलेले असते अशी कल्पना करून तरुण वाचकांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांमध्ये हे पुस्तक बरेच गाजलेले आहे, आणि डीमनांची शिकार व निषिद्ध प्रेम अशी त्याची दुहेरी ख्याती आहे. मला त्यातले शहर फार आवडले, शिकार बऱ्यापैकी आवडली, आणि ज्या प्रेमावर सारा डोलारा उभा केला आहे ते मात्र पुरेसे पटले नाही. असे का झाले, ते जरा सविस्तर सांगते.

‘डीमन’ हा शब्द मी मुद्दामच तसाच ठेवला आहे. त्याला राक्षस म्हणावे, तर आपल्याकडच्या राक्षसाला कूळ असते, गुरू असतो, तो तप करतो, वर मिळवतो आणि प्रसंगी देवांनाही शब्दात अडकवतो. भूत म्हणावे, तर भुताची काहीतरी इच्छा अपुरी राहिलेली असते. क्लेअर यांच्या डीमनांना यातले काहीच नाही; ते दुसऱ्या मितींतून येतात, वाटेल ते रूप घेतात आणि जिथे जातात तिथे नासधूस करतात. त्यांना मारण्याचे काम शॅडोहंटर नावाच्या लढवय्या जमातीकडे आहे. रॅझिएल नावाच्या देवदूताने आपले रक्त माणसाच्या रक्तात मिसळून चषकातून पाजले आणि त्यातून ही जमात निर्माण झाली, अशी तिची उत्पत्तिकथा आहे. साध्या माणसांना हे लोक ‘मंडेन’ आणि तुच्छतेने बोलायचे असेल तेव्हा ‘मंडी’ म्हणतात. मला प्रत्येक वेळी मंडई आठवली, याला लेखिकेचा इलाज नाही.

ब्रुकलिनमध्ये आईबरोबर राहणारी, सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेली क्लेरी फ्रे आपला मित्र सायमन याच्याबरोबर पँडेमोनियम नावाच्या क्लबमध्ये जाते आणि तिथल्या कोठीच्या खोलीत तीन तरुण एका निळ्या केसांच्या मुलाला ठार मारताना पाहते. मेलेल्याचे शरीर क्षणात नाहीसे होते आणि मारणारे तिच्याशिवाय कोणालाच दिसत नाहीत. जेस वेलंड आणि अॅलेक व इझाबेल ही लाइटवुड भावंडे, असे ते तिघे आहेत. पुढच्याच दिवशी क्लेरीची आई जॉसलिन गायब होते, उद्ध्वस्त घरात एक डीमन दबा धरून बसलेला असतो, आणि ही पोरगी जेसचे मोबाइलसारखे दिसणारे सेन्सर यंत्र त्याच्या घशात कोंबून त्याला मारते. इथपर्यंत कादंबरी इतक्या वेगाने जाते की मी दुपारची झोप सोडून वाचत होते. घाबरलेली मुलगी हातात येईल ते वापरते, हे त्या प्रसंगात फार खरे उतरले आहे.

या पुस्तकाची खरी कमाई म्हणजे त्यातले न्यूयॉर्क. शॅडोहंटरांचे मुख्यालय मॅनहॅटनमध्ये आहे, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथे पडके, फळ्या ठोकून बंद केलेले चर्च दिसते. मृतांची अस्थिनगरी, जिच्यावरून पुस्तकाला नाव मिळाले, ती ईस्ट व्हिलेजमधल्या मार्बल सिमेटरीच्या खाली आहे. त्या भागात एकोणिसाव्या शतकातल्या, जमिनीखाली संगमरवरी तळघरे असलेल्या दफनभूमी खरोखरच आहेत. रक्तपिपासू व्हॅम्पायरांनी हार्लेममधले एक बंद पडलेले हॉटेल बळकावले असून ‘ड्यूमाँट’ या मूळ नावातले एक अक्षर बदलून त्याचे ‘ड्यूमॉर्ट’, म्हणजे मरणाचे, असे करून टाकले आहे. खलनायकाचा अड्डा तर रूझवेल्ट बेटावरच्या रेनविक यांच्या देवीच्या रोगाच्या रुग्णालयात आहे. वास्तुविशारद जेम्स रेनविक यांनी बांधलेले हे रुग्णालय १८५६ साली सुरू झाले होते आणि आज त्याचे भग्नावशेष उरले आहेत. इतिहासानेच अर्धी भयकथा लिहून ठेवलेल्या अशा जागा लेखिकेने नेमक्या हेरल्या आहेत. कोकणात प्रत्येक भुताला पत्ता असतो, मुंजा पिंपळावर आणि देवचार गावच्या वेशीवर, त्यामुळे ऐकणारा संध्याकाळी त्या वाटेने जाताना पाय उचलून चालतो. तसाच पक्का पत्ता क्लेअर यांनी आपल्या अमानवी पात्रांना दिला आहे, आणि म्हणूनच न्यूयॉर्क कधी न पाहिलेल्या मलाही तिथल्या गल्ल्यांची भीती वाटली.

हे दडलेले शहर दिसते कसे, याचे वर्णन मला या पुस्तकातला सर्वांत सुंदर भाग वाटला. डोळ्यांवर टाकलेल्या मायेच्या पडद्याला इथे ‘ग्लॅमर’ म्हणतात. मुख्यालयासमोर उभी राहिलेली क्लेरी तो पडदा दूर करण्यासाठी मंत्र म्हणत नाही. तिची आई चित्रकार आहे. म्हणून टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या आईच्या फडक्याने आपण समोरच्या दृश्यावरचा जुना रंग पुसून काढत आहोत, अशी कल्पना ती करते, आणि पडक्या चर्चच्या जागी हळूहळू खरी इमारत उमटते. ज्या घरात तैलरंगांचे काम चालते तिथे तो वास पडद्यांत आणि उशांत मुरलेला असतो, आणि त्याच वासातून मुलीला आईचा वारसा मिळतो. पुढे ज्या चषकासाठी सारी धावाधाव चाललेली असते, तो कुठे दडवला आहे याचे उत्तरही चित्रकलेतच सापडते; कोणत्या चित्रात, ते इथे सांगणे वाचकावर अन्याय होईल. क्लेरी स्वतः सतत वहीत रेखाटने करत असते, हा तपशील लेखिकेने सुरुवातीपासून निमूटपणे पेरून ठेवला आहे, आणि तो उगवतो तेव्हा फार समाधान वाटते.

या जगाचे नियमही नीट बांधलेले आहेत. शॅडोहंटर ‘स्टेली’ नावाच्या कांडीने आपल्याच कातडीवर ‘रून’ म्हणजे शक्तिचिन्हे काढतात; ती काढताना भाजते, काम झाले की चिन्ह विरते आणि पांढरा व्रण मागे राहतो. हीच चिन्हे साध्या माणसाच्या अंगावर काढली तर तो मरतो किंवा वेडापिसा, आज्ञाधारक हैवान होतो. व्हॅम्पायरांच्या मोटारसायकली आकाशात उडतात, कारण त्या डीमनी शक्तीवर चालतात. पण सूर्य उगवला की ती शक्ती संपते, याचा अनुभव जेस आणि क्लेरी यांना पहाटे हवेत असतानाच येतो. जादूला किंमत असली की कथेला वजन येते. नारायण धारपांच्या समर्थकथा वाचून वाढलेल्या वाचकाला हे सांगायला नको. तिथेही अमंगळाशी झुंजणाऱ्याला बळ फुकट मिळत नाही.

विनोदाची बाजूही चांगली आहे. ब्रुकलिनचा मुख्य जादूगार मॅग्नस बेन आपल्या मांजराच्या वाढदिवसाची जंगी मेजवानी देतो, आणि तिथे नको ते निळे पेय पिऊन सायमनचा उंदीर होतो. जेसचे बोलणे तिरकस आणि तल्लख आहे, पण दर चौथ्या वाक्याला टाळी मागण्याची त्याची खोड दोनशे पानांनंतर थकवते. निवेदनात उपमांचाही असाच सुकाळ आहे. प्रकाश, डोळे आणि केस यांना उपमा न देता पान उलटणे लेखिकेला जड जाते. त्याहून मोठा दोष माहिती देण्याच्या पद्धतीत आहे. मुख्यालयातला शिक्षक हॉज इतिहास सांगत राहतो आणि क्लेरी नेमका पुढचा प्रश्न विचारत राहते, आणि सगळे ऐन रंगात आले असताना आईचा जुना मित्र ल्यूक भूतकाळ सांगण्यात जवळजवळ अख्खे प्रकरण खर्ची घालतो. कीर्तनात उत्तररंग चढलेला असताना बुवांनी पुन्हा पूर्वरंग धरावा, तसे ते वाटते. ल्यूकची कहाणी मुळात चांगली आहे. ज्याला जवळच्या मित्राने दगा दिला आणि ज्याला आपल्याच माणसांनी परके ठरवले, असा हा प्रौढ माणूस साऱ्या पात्रांत मला सर्वाधिक विश्वासार्ह वाटला. त्याची कहाणी तुकड्यातुकड्यांनी आली असती तर अधिक लागली असती.

आता प्रेमाविषयी. क्लेरीच्या सोळाव्या वाढदिवशी जेस तिला मध्यरात्री मुख्यालयाच्या गच्चीवरच्या काचघरात घेऊन जातो आणि बाराच्या ठोक्याला उमलणारे एक फूल दाखवतो. आपल्याकडे ब्रह्मकमळ उमलणार असले की शेजारपाजार खुर्च्या घेऊन जमतो, कोणीतरी चहा टाकते. इथे दोघेच आहेत, सफरचंदे आहेत आणि सँडविच आहेत. हा प्रसंग हळुवार आणि नेटका आहे. त्याहून खोल आहे ती जेसने एका रात्री सांगितलेली ससाण्याची गोष्ट. एका लहान मुलाला बाप रानटी ससाणा आणून देतो आणि त्याला शिकवून तयार करायला सांगतो. मुलगा त्याला धाकाने वाकवण्याऐवजी माया लावतो, पक्षी त्याच्या खांद्यावर बसू लागतो, आणि आज्ञेबरहुकूम काम केले या आनंदाने तो बापाला दाखवायला नेतो, तेव्हा बाप पक्ष्याची मान मुरगाळतो, कारण त्याला पाळीव पक्षी नको होता. प्रेम करणे म्हणजे नाश करणे, असा धडा त्या मुलाने घेतला. दीड पानात एक माणूस उभा करणारी ही गोष्ट वाचून मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले होते.

ज्यांना शेवट कळून घ्यायचा नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा. मी भाचीची अट पाळली होती, आणि तुम्हालाही तीच मुभा असावी.

हे प्रेम निषिद्ध ठरते ते अगदी अखेरीस, जेव्हा व्हॅलेंटाइन हा खलनायक जेस आणि क्लेरी ही दोघे आपलीच मुले, म्हणजे सख्खी भावंडे आहेत, असे जाहीर करतो. धक्का जबरदस्त आहे, यात शंका नाही. परंतु ही मनाई त्या दोघांच्या स्वभावातून आलेली नाही आणि त्यांच्या समाजाच्या रीतीतूनही आलेली नाही. ती एका माणसाच्या तोंडून आलेली बातमी आहे, आणि बातमी खोटी ठरू शकते, हे सराईत वाचकाला तिथेच जाणवते. तशी ती मालिकेच्या तिसऱ्या भागात खोटी ठरतेही. म्हणजे ज्या अडसरापायी वाचकाने दोन पुस्तके जीव टांगणीला लावायचा, तो अडसर कथानकाने टाकलेली कडी आहे, आणि कडी काढण्याची चावी आधीपासून लेखिकेच्या खिशात आहे. आपल्याकडे निषिद्ध प्रेम म्हटले की जात, घर आणि गाव आड येते, आणि ते कोणाच्या एका वाक्याने आड येत नाही किंवा एका वाक्याने दूर होत नाही, म्हणूनही कदाचित मला हे उथळ वाटले असेल.

खरे निषिद्ध प्रेम या पुस्तकात आहे, मात्र ते कडेला उभे आहे. अॅलेकचे जेसवर प्रेम आहे. मॅग्नसच्या मेजवानीला निघण्यापूर्वी इझाबेल डोळ्यांना लायनर लावत असते आणि क्लेरी सहज विचारते की तुझ्या भावाला मुलगे आवडतात का. इझाबेलचा हात हिसकतो आणि डोळ्याच्या कोपऱ्यापासून केसांपर्यंत काळी रेघ ओढली जाते. मग ती, कोणापुढे दबण्याची सवय नसलेली ती बेधडक मुलगी, हे कोणालाही सांगू नकोस म्हणून अक्षरशः विनवणी करते, कारण शॅडोहंटरांच्या जुन्या वळणाच्या समाजात हे कळले तर भावाचे काय होईल याची तिला कल्पना आहे. त्या काळ्या रेघेत निषेधाचे जेवढे वजन आहे तेवढे शेवटच्या गौप्यस्फोटात नाही. अॅलेक क्लेरीशी सतत तुसडेपणाने का वागतो, हेही त्या रेघेनंतर कळते, आणि मागची पाने पुन्हा चाळावीशी वाटतात.

रक्ताच्या शुद्धतेचा मुद्दाही विचार करायला लावणारा आहे. व्हॅम्पायर, नरलांडगे, परी आणि जादूगार यांच्यात डीमनी अंश आहे म्हणून त्यांना नष्ट करावे, असे खलनायक व्हॅलेंटाइनला वाटते. आणि त्याला विरोध करणारे सभ्य शॅडोहंटरही त्यांच्याशी करार करतात, पण त्यांना बरोबरीचे मानत नाहीत. हा दुटप्पीपणा लेखिकेने दाखवला आहे, त्यावर थांबून लिहिलेले नाही.

भाषा सोपी आहे. इंग्रजी माध्यमात नसलेल्या अकरावी-बारावीच्या मुलांनाही दोन-तीन प्रकरणांनंतर सवय होईल. मारामारी आणि रक्तपात पुरेसा आहे, शृंगार चुंबनापलीकडे जात नाही. चौदा वर्षांच्या पुढच्या मुलांच्या हाती हे पुस्तक निर्धास्त द्यावे, फक्त शेवटच्या नात्याच्या गोंधळावर त्यांच्याशी दोन शब्द बोलण्याची तयारी ठेवावी. यावरून २०१३ साली चित्रपट निघाला आणि २०१६ ते २०१९ या काळात दूरचित्रवाणी मालिकाही झाली, पण आधी पुस्तक वाचावे, कारण टर्पेंटाइनचे फडके फिरवायला वाचकाचा हात रिकामा हवा.

भाचीने दुसरा भागही देऊ केला आहे. मी तो घेतला, आणि अॅलेकचे पुढे काय झाले ते आधी सांगू नकोस, अशी अट या वेळी मी घातली.